आजोबांचा हात

अगं, ऐक तर! मेडिकलच्या अर्जाआधी डॉक्टरांसोबत राहून काम बघावं लागतं ना, त्याची जागा एकच होती. कोरिन मुलाखत देऊन बाहेर बसलेली. शेजारी आपल्या पाळीची वाट बघणारा गॅरेट आणि त्याची आई.

“डॉक्टर का व्हायचंय विचारलं तर?” आईनं त्याला विचारलं.

“आजोबा गेले ते सांगेन. शेवटपर्यंत हात धरून बसलो होतो म्हणून.”

“हात मी धरला होता रे. तू आलाही नाहीस.”

“मॉम, तुला कुठे डॉक्टर व्हायचंय?”

“…बरं. मग हात गार पडला होता, तेही सांग.”

गॅरेट आत गेला. थोड्या वेळानं मुलाखत घेणाऱ्या डॉक्टरीणबाई डोळे पुसतच त्याच्यासोबत बाहेर आल्या.

“कोरिन, तूही छान बोललीस गं. पण जागा एकच आहे ना!”

गॅरेटची आई खाली मान घालून स्वतःचा तळहात चोळत होती.

सांग, कोरिनच्या जागी तू असतीस तर बोलली असतीस?