डोंगरही बुडाले

नाहीत म्हटलं ना, घरात नाहीत ते. बाहेर गेलेत. कुठे, ते मला काय माहीत, मला सांगून जातात का कधी? आणि तू काय उंबऱ्यातच उभा राहणार आहेस? ये, आत ये. चपला असू देत, फरशीचं जे व्हायचं ते होऊन गेलंय. त्या खुर्चीवर नको — पुरात फुगलीय ती, पाय डुगडुगतोय — स्टुलावर बस. पाणी देऊ? नको? बरं. मग ती पिशवी तरी खाली ठेव. नाही, मी विचारत नाही आत काय आहे म्हणून, गवंड्याच्या पिशवीत असायचं काय — थापी, छिन्नी, हातोडा. तुझ्या केसांत चुना दिसतोय. सकाळपासून प्रार्थनाघरातून ठोकाठोकी ऐकू येत होती, तेव्हाच मी म्हटलं, हा इस्त्रीवालीचा मुलगा. भिंतीवरची नाव फोडलीस ना? फोड. बरं केलंस. आमच्या ह्यांनीच काढून घेतली होती ती एका पेंटरकडून — खाली निळं पाणी, वर नाव, नावेतून माना काढलेली जनावरं — लहानपणी तू त्या जिराफाला घोडा म्हणायचास, आठवतं? नाही आठवत. बरं, राहिलं.

असं बघू नकोस रे माझ्याकडे. तुझी आई माझी कोण होती ते तुला नाही कळायचं. तू कामासाठी परगावी गेलास, त्यानंतर तिचं इथे येणं वाढलं. इस्त्रीचे कपडे द्यायचं निमित्त. कपडे पलंगावर ठेवायचे आणि ह्यांच्यासमोर बसायचं — ‘काका, ती दुसरीकडची सांगा ना’. दुसरीकडची म्हणजे — अरे, ह्यांना वेडच होतं ते. कोणाला असतं दारूचं, कोणाला पत्त्यांचं, ह्यांना महापुराचं. कुठल्या कुठल्या मुलखातल्या गोष्टी गोळा केलेल्या. कुठे म्हणे मडक्यात ठेवलेला इवलासा मासा मोठा होतो आणि नाव ओढून नेतो. कुठे पाणी ओसरलं का बघायला पाखरू सोडतात. कुठे दोघं बहीण-भाऊ भोपळ्यात बसून वाचतात. माणसांनी एकमेकांची तोंडं बघितलेली नाहीत, हे म्हणायचे, आणि गोष्ट एकच. आणि सांगायचे काय! ऐकणारी बाई आपले पाय वर ओढून घ्यायची, खाली खरंच पाणी आलंय असं वाटून. सगळं गाव ह्यांना नाववाले काका म्हणायला लागलं. बाळाला निजवताना बायका ह्यांचीच ओळ गुणगुणायच्या — ‘नावेत बसले तेवढेच राहिले’. लग्नात नवरानवरीला हेच सांगायचे — दोघं एका नावेत बसलात, आता उतरायचं नाही. घरात भांडण झालं की मी म्हणायची, मला उतरवा हो, पोहत जाते मी! हसायचे. तेव्हा हसायचे.

काय? हो. कबूल केलंय ना त्यांनी. सगळ्या गावासमोर उभं राहून सांगितलंय — पूर आला तेव्हा मीच लोकांना प्रार्थनाघरात बसा म्हणालो. मग आता आणखी काय हवंय तुला? आमच्या दारावर शेण फेकून झालं, दुधवाल्याने दूध बंद करून झालं. माझी सख्खी बहीण बाजारात मला बघून पलीकडच्या बाजूने गेली. नाव गेलं रे आमचं. दोन्ही अर्थांनी गेलं. म्हातारा माणूस आहे, मान खाली घालून —

कुठे चाललास? थांब. त्या खोलीत कोणी नाही. ते — ते मांजर आहे. मांजर खोकतं का म्हणून काय विचारतोस, खोकतं कधीकधी! अरे थांब — हात सोड माझा — थांब म्हणते ना! आहेत, आहेत, आतच आहेत ते. खोटं बोलले मी. पण आधी माझं ऐक. ऐकून घे आणि मग जा आत, मी नाही अडवणार. तुझ्या आईची शपथ.

त्यांनी तिला बस म्हटलं नव्हतं.

हो. नव्हतं. मी शेजारी उभी होते. धरणाचा भोंगा झाला, कचेरीतली माणसं कर्णा घेऊन ओरडत फिरत होती — डोंगरावर चला, डोंगरावर चला — आणि लोक डोंगराकडे जायचं सोडून प्रार्थनाघरात शिरत होते. हे धावत गेले. चप्पल न घालता. दारात उभं राहून घसा फोडून ओरडत होते, ‘बाहेर या, इथे थांबू नका, डोंगर चढा!’ ऐकून बरेच निघालेसुद्धा. पण काहीजण बसूनच राहिले. तुझी आई पुढेच, भिंतीवरच्या नावेखाली. ह्यांनी तिच्या खांद्याला धरून हलवलं, ‘ऊठ बाई, वर चल.’ तर हसली रे ती. शांतपणे हसली आणि म्हणाली, ‘काका, परीक्षा बघताय? तुम्हीच सांगता ना — जे डोंगरावर पळाले ते बुडाले. डोंगरही बुडाले. नावेत बसले तेवढेच राहिले.’

कळलं तुला? आयुष्यभर गोष्ट सांगितली, ती तिला खरी वाटली. आणि हा माणूस एकदाच खरं बोलला, तर ती तिला गोष्ट वाटली. ‘अगं, ती गोष्ट आहे,’ हे ओरडत होते, ‘माझीच आहे, मीच सांगतोय ना तुला, ती नुसती गोष्ट आहे!’ तिने डोळे मिटून घेतले. मग पाणी आलं. मला कोणीतरी ओढत वर नेलं. हे तिथेच. छपराचा पत्रा उचकटून काढलं ह्यांना, तेव्हा सांगणारे सांगतात, एका हाताने वासा धरला होता आणि दुसऱ्या हातात तुझ्या आईचं मनगट. सोडायला तयार नव्हते. माणूस गेलेलं आहे, काका, सोडा, असं तिघाचौघांनी —

रडू नकोस. नाही, रड. रड बाबा.

मग का कबूल केलं, असंच ना? मी काय कमी भांडले? म्हटलं, ऐकणारे कितीतरी होते, ते जगले, त्यांना विचारा. त्यातले दोघं सांगायला आलेही, ह्यांनीच त्यांना गप्प बसवलं. म्हणाले, ‘गेलेल्या माणसाला वेडं ठरवायचं नाही. तिचा मुलगा येईल. त्याला काय सांगायचं — तुझी आई सांगूनही उठली नाही? त्याच्यापेक्षा मला शिव्या देऊ दे त्याला.’ आणि वर म्हणतात, ‘मी खोटं कुठे बोललो? इतकी वर्षं तिला बस, बस हेच तर सांगत आलो. त्या दिवशी तिला तेच ऐकू आलं.’ माझ्याकडून वचन घेतलंय, तुला कधी सांगायचं नाही म्हणून. आणि मी बघ — हातोड्याला घाबरून सगळं ओकून बसले. तुझ्या रागावर तू उभा होतास, तो राग काढून घेतला आणि बदल्यात दिलं काय मी तुला? काय दिलं?

हळू. पाऊल वाजलं. पूस डोळे, पूस पटकन.

अहो — तुम्ही कशाला उठलात? भिंतीला धरा, भिंतीला. हा इस्त्रीवालीचा मुलगा. आत्ताच आलाय. नाही हो, मी कशाला काय सांगू, मी पाणी विचारत होते त्याला. बसा तुम्ही... काय? त्याला काय सांगायचंय? राहू द्या ना, सगळ्या गावाला सांगून झालंय, परत कशाला... बरं. सांगा. तुमच्या तोंडाने सांगा.

...

ऐकलंस ना बाळा? ‘मीच तिला बस म्हणालो,’ म्हणतात. आता तू — काय म्हणालास? जरा मोठ्याने बोल, त्यांना कमी ऐकू येतं. ‘माहीत आहे, काका’?

एवढंच?

बरं. बरं. ऊठ आता. जा तू. नको, पायाबिया पडू नकोस त्यांच्या, त्यांना कळेल — जा म्हणते ना, जा.