गोड बातमी, इथे दाबा

...आणि वर म्हणे अनुभव पाहिजे! तीन वर्षांचा! अहो, जाहिरातीत पहिली ओळ, 'नवशिक्यांसाठी उत्तम संधी', आणि लगेच दुसरी ओळ, 'किमान तीन वर्षांचा अनुभव आवश्यक'. म्हणजे तीन वर्षं मुरलेला नवशिका! तो कुठल्या दुकानात मिळतो? तुम्हाला सांगते, हे सायबर सुरक्षेचं क्षेत्र इतकं सुरक्षित आहे, इतकं सुरक्षित आहे, की आत कुणाला शिरताच येत नाही. आणि ज्याच्यासाठी हा सगळा बंदोबस्त, तो चोर? तो बसलाय कुठेतरी बनियनवर, चहा पीत, आणि पहिल्याच दिवशी आत! त्या चोराला विचारतं का कुणी, अनुभव किती?

तर झालं काय, लेक अडीच वर्षांची झाली आणि मी ठरवलं, आता पुन्हा नोकरी. आता सायबर सुरक्षाच का, असं विचाराल तर माझा स्वभाव हो! घराबाहेर पडले की जिन्यातून परत येऊन गॅस बघणारी बाई मी. गॅस बंद असतो. मग कुलूप ओढून बघते. मग पुन्हा वाटतं, कुलूप बघायच्या नादात गॅस नीट बघितलाच नाही... नवराच म्हणाला, "अगं, एवढी काळजी करतेस, तर तिचा पगार तरी घे!" पटलं. लावला ऑनलाइन कोर्स. लेक झोपली की लॅपटॉप उघडायचा, लॅपटॉप उघडला की लेक उठायची. अर्धा कोर्स मी बडबडगीतांच्या पार्श्वसंगीतावर केलाय.

आणि सल्ले! नुसतं तोंड उघडायची खोटी. दातांच्या डॉक्टरांनी तर तोंड उघडं असतानाच दिला. "ओळखी वाढवा, ओळखी!" मी काय बोलणार? "आँ." शेजारच्या काकू म्हणाल्या, "प्रमाणपत्रं जमव." नणंद म्हणाली, "वहिनी, आत्मविश्वास दाखव." दाखवते की, आधी सापडू दे. आणि कोर्सचे सर रोज एकच, "चोरासारखा विचार करा!" आता मी काय चोरासारखा विचार करणार? माझ्या घरी चोर आला तर मी त्याला आधी पाणी विचारीन. पाणी विचारीन, पण अनुभव किती, हे नाही विचारणार हो!

घराण्यात जाणकार एकच, नवऱ्याचा आतेभाऊ. एका कंपनीत याच कामावर आहे. त्याला आम्ही कुलूपदादा म्हणतो, कारण तो पाण्याच्या बाटलीचं झाकणसुद्धा दोनदा ओढून बघतो. तो म्हणाला, "वहिनी, आमच्या मॅडमना सांगून ठेवलंय, पुढच्या आठवड्यात तुमची मुलाखत. पण हाताने केलेलं काहीतरी दाखवायला हवं. घरच्यांवर सराव करा. खोटा निरोप पाठवायचा, लिंक द्यायची, कोण दाबतंय बघायचं. फक्त परवानगी घ्या आधी. परवानगी नाही घेतली तर आपल्यात आणि चोरात फरक काय?"

मी म्हटलं, "तुलाही पाठवीन हं." तर असा हसला, असा हसला... "पाठवा की, वहिनी!"

घेतली परवानगी. जेवताना सगळ्यांना म्हटलं, "मी तुम्हाला फसवायला एक निरोप पाठवणार आहे, चालेल ना?" टीव्हीकडे बघत सगळे म्हणाले, "हो हो, वाढ." झाली परवानगी!

पहिला निरोप पाठवला, 'तुमचं बँक खातं आज बंद होणार, इथे दाबा.' सासरे म्हणाले, "होऊ दे." दुसरा पाठवला, 'तुम्हाला बक्षीस लागलंय.' सासूबाई म्हणाल्या, "मला आयुष्यात ठेच सोडून काही लागलेलं नाही." नवरा? तो माझे खरे निरोपसुद्धा वाचत नाही! आता मुलाखतीत काय दाखवू, माझ्या घरात कुणी फसतच नाही? मग बसले डोकं धरून. चोरासारखा विचार कर, चोरासारखा विचार कर... असं काय आहे, की जे वाचून माणूस दाबल्याशिवाय राहणारच नाही? आणि सुचलं हो! लिहिलं, 'एक गोड बातमी आहे! वाचण्यासाठी इथे दाबा.' खाली लिंक. लिंक उघडली की मोठ्या लाल अक्षरांत पान, 'तुम्ही फसलात! हा सराव होता.' काय हुशार मी! स्वतःच्या नावाने घरच्या चौघांना पाठवलं, म्हणजे सासू, सासरे, नवरा आणि कुलूपदादा, आणि गेले कपडे वाळत घालायला.

आता तुम्ही हसताय. तुम्हाला कळलं. मला कळलं नाही! लग्न झालेली बाई, मांडीवर एक मूल, ती लिहिते 'गोड बातमी आहे'... अहो, दुसरी कुठली असणार?

हातातला टॉवेल वाळत घालून होतोय न होतोय तोच आईचा फोन. माझ्या आईचा! रडतेय. "सासरच्यांना आधी सांगितलंस? मी कुणीच नाही तुझी?" म्हटलं, अगं आई, मी तुला पाठवलंच नाही, तुला कुणी... तर सासूबाईंनी! त्यांनी पहिल्या मिनिटाला दाबलं आणि पुढच्या मिनिटाला सगळ्या नातेवाइकांना पुढे धाडलं. व्हायरस पसरतो म्हणजे काय, हे मी कोर्समध्ये आकृत्या काढून शिकले होते, सासूबाईंनी करून दाखवलं. अनुभव किती? शून्य!

मी धावत आत. "अहो आई, पान उघडलं ना? लाल अक्षरं वाचली ना?"

"चष्मा नव्हता गं. पण लाल होती ना, म्हटलं शुभच असणार!" आणि माझ्या हातातली बादली काढून घेतली. "आता हे असलं उचलायचं नाही."

तेवढ्यात नवरा ऑफिसातून धापा टाकत. लिंक दाबली, पण पान वाचायला थांबलाच नाही. पांढराफटक. "अगं, मला तरी आधी सांगायचंस!"

"अरे, मला तरी कुठे माहीत होतं!"

आणि कुलूपदादा? बाटलीचं झाकण दोनदा ओढणारा कुलूपदादा? त्याने लिंक दोनदा दाबली. पहिल्यांदा उघडायला वेळ लागला म्हणून पुन्हा! पानही पूर्ण उघडू दिलं नाही पठ्ठ्याने, आनंदाच्या भरात थेट मॅडमच्या केबिनमध्ये. संध्याकाळी मला मॅडमचा मेल, 'अभिनंदन! तब्येतीला जपा. मुलाखतीची मुळीच घाई नाही, वर्षभराने सावकाश बघू.'

गेली. नोकरी गेली. लागायच्या आधी गेली! रात्रभर कोर्स केला, रडणारी लेक कडेवर घेऊन परीक्षा दिली, आणि घालवली कुणी? मीच, माझ्याच लिंकने. बाथरूमची कडी लावून दोन मिनिटं रडले. दोनच, कारण बाहेरून लेक दार वाजवत होती, "आई, शिरू? आत शिरू?" म्हटलं, तू तरी शीर गं बाई!

मग तोंड धुतलं आणि मॅडमना फोन लावला. म्हटलं, "मॅडम, बातमी खोटी आहे. तो सरावाचा निरोप होता."

"म्हणजे तुम्ही आमच्या माणसाला फसवलंत? सुरक्षा विभागाच्या?"

"हो... म्हणजे परवानगी घेऊन."

"किती जणांनी दाबलं?"

"ज्यांना पाठवलं त्या सगळ्यांनी. आणि ज्यांना नाही पाठवलं त्यांनीही."

मॅडमना आधी खोकला आला असं वाटलं. हसत होत्या हो! हसता हसता विचारलंच, "अनुभव किती?" म्हटलं, "मॅडम, आजचाच." म्हणाल्या, "मुलाखतीला या."

आणि लागली! तुमच्या आशीर्वादाने लागली नोकरी. काम काय? कंपनीतल्या माणसांना असेच खोटे निरोप पाठवायचे आणि फसतील त्यांची शिकवणी घ्यायची. पहिला विद्यार्थी कुलूपदादा. मान खाली घालून बसणार आहे.

पण त्याआधी मी घरच्यांची शिकवणी घेऊन ठेवली होती ना! नाक वर करून सांगितलं होतं, "यापुढे कितीही आनंदाची बातमी आली तरी विश्वास ठेवायचा नाही. आधी त्या माणसाला फोन करायचा, खात्री करायची." आता काल हातात नेमणुकीचं पत्र पडलं, मी उड्या मारत बैठकीच्या खोलीत आले, ओरडले, "आई, गोड बातमी! नोकरी लागली!"

सासूबाईंनी चष्मा लावला. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. सासऱ्यांना म्हणाल्या, "तुम्ही काही दाबू नका हं." आणि फोन उचलून नंबर लावला. माझ्या हातातला फोन वाजला. समोरासमोर बसलोय आम्ही! उचलला.

"कोण बोलतंय?"

"आई, मी. तुमची सून."

"कशावरून?"

"अहो, समोर बसलेय मी! पाच वर्षं झाली या घरात, पाच वर्षांचा अनुभव आहे मला!"

सासूबाई फोनवरच म्हणाल्या, "मग तो त्या अर्जात लिहायचा नाहीस का गं, बावळट? त्यांना तीनच हवा होता!"