काष्टिकच्या कढईपाशी

आमचं गाव राजापुराकडं, खाडीच्या वरच्या अंगाला, नाव सांगून काय कळणार तुमाला मास्तर, गिरगावात जन्मलेला माणूस तुमी. बापूस राबायचा पण जमीन खोताची, नाचणी आमी पिकवायची आणि निम्मी खोताच्या अंगणात नेऊन ओतायची, असं आमचं चालायचं. आमी दोघी भनी, मी भागी थोरली, येसू धाकटी, मधली सगळी गेली. माझं लगीन झालं तवा घरधनी मुंबईत एका फिटरच्या हाताखाली होते, ते मला आगबोटीनं घेऊन आले, सगळी वाट मी ओकत आले, आणि धक्क्यावर उतरल्यावर हे म्हणाले, बघ, ही मुंबई, इथं कामाला लाजायचं नाय. मी कुठं लाजत होते. लाजायला वेळच कुणी दिला नव्हता आमाला.

चिंचपोकळीला एक कारखाना, तसा लहानसाच, मिलींचं मोडकं सामान तिथं दुरुस्तीला यायचं, रूळ, सूत कातायच्या चात्या, दात्यांची चाकं, पितळेच्या वाट्या. हे तिथं फिटर झाले आणि मला धुलाईच्या शेडीत लावली. आता धुलाई म्हणजे काय सांगू तुमाला, लोक हसायचे, म्हणायचे भागी लोखंडाची परटीण झाली. पण तेलानं नि कापसाच्या लोंबांनी माखलेलं सामान फिटरच्या हाती दिलं तर त्याला तड कुठं गेलीय तेच दिसत नाय, ते आधी धुऊन, पुसून, सुकवून, पुन्हा गंज धरू नये म्हणून तेलाचं बोट फिरवून द्यावं लागतं. ते बायकांचं काम. पुरुष म्हणायचे आमचे हात खराब होतात.

तवाचा म्हातारा शेट पारशी, तोंडाचा जाम तिखट, शिवी दिल्याबिगर वाक्य नाय, पण शेडीत स्वतः उभा राहून शिकवायचा. साधा मळ असंल तर धुण्याचा सोडा नि कढत पाणी, बास. पितळेला चिंच नि राख, आणि लगेच धुऊन कोरडं करायचं. यंत्राचा दांडा ज्यात फिरतो त्या वाटीच्या आत मऊ पांढरा धातू ओततात, त्याला सोडा लावायचा नाय, घासलेटच्या फडक्यानं पुसायचा, आणि घासलेट चुलीच्या आसपास नाय, बाहेर अंगणात वाऱ्यावर. जळून जळून डांबर झालेलं तेल असंल तरच काष्टिक. काष्टिक म्हणजे मास्तर पांढरे खडे, दिसायला मीठ, पण मिठाचं नि त्यांचं काय सोयरं नाय. हाताला लागलं तर आधी बुळबुळीत लागतं, साबण लागल्यागत, आग मागनं होते, आणि आग कळंस्तवर कातडं गेलेलं असतं. शेट म्हणायचा, खडा पाण्यात टाका, पाणी खड्यावर ओतू नका, आणि पाणी गार पायजे, गार पाण्यात टाकलं तरी ते चुलीबिगर तापतं. एकेक खडा, लांब दांड्याच्या झाऱ्यानं, तोंड मागं ठेवून. कढई लोखंडाची, जस्ताची बादली तिथं आणायची नाय, जस्त त्यात फसफसतं आणि त्याचा वायू पेट घेतो. आणि कढईच्या शेजारी पाण्यानं भरलेलं लाकडी पिंप. अंगावर उडालं की पाणी, नुसतं पाणी, मोप पाणी, लिंबू नाय, तेल नाय, हळद नाय.

म्हातारा गेला. पोरगा गादीवर बसला. पोरगा वाईट नव्हता हो, बापासारखी शिवी पण देत नव्हता, गोड बोलायचा, पण शेडीत यायचा नाय, वास येतो म्हणून. आणि त्याला घाई. काष्टिकनं काम लवकर उरकतं हे त्यानं बघितलं, मंग सोडा बंद, सगळ्यालाच काष्टिक. आमी सांगितलं, पांढऱ्या धातूच्या वाट्या खराब होतायत, तर म्हणाला मुकादमाला सांगा. आणि मुकादम कोण, तर आमचे घरधनी. नवा शेट आला आणि हे मुकादम झाले. घरात मी पुरणपोळी केली होती त्या दिवशी, खोटं कशाला बोलू.

मुकादम झाल्यावर माणूस बदलला असं म्हणतात ना, तसं एकदम नाय झालं. चपला बदलल्या, मंग आवाज बदलला. मला घरी भागे म्हणायचे, शेडीत ए बाई म्हणायला लागले.

त्याच सुमारास येसू आली. तिचं लगीन लहानपणीच झालं होतं, नवरा पटकीनं गेला, पोर तशीच आवशीकडं परत. आमच्यात पाट लावतात, तर लालबागच्या एका साच्यावाल्याकडं, मिलीत माग चालवायचा तो, बोलणं चाललं होतं, बिजवर पण निर्व्यसनी, येसूनं त्याला लांबनं बघितला होता आणि मला म्हणाली, आक्का, कान मोठे हायत पण हसतो चांगला. अशी होती ती. पाट लागंस्तवर बसून काय खायचं म्हणून शेडीत माझ्या बरोबर यायला लागली. मी तिला सगळं शिकवलं, जसं म्हाताऱ्यानं मला शिकवलं तसं, आणि ती माझ्याहून नीट करायची.

मंग एक दिवस सकाळी येऊन बघते तर पिंप नाय. कढईच्या शेजारी मिलीच्या पेट्या रचलेल्या. मी ह्यांना विचारलं, पिंप कुठं गेलं. म्हणाले, शेटला जागा पायजे होती, मागल्या गल्लीत ठेवलंय. मी म्हटलं, गल्लीतनं पाणी आणंस्तवर काय. तर म्हणाले, नळ हाय की अंगणात, पाणी काय पळून जातंय. मी म्हटलं, नळाला कुलूप असतं, किल्ली हपीसात. मंग ते चिडले, सगळ्या बायकांच्या देखत म्हणाले, तू घरात शाणपणा कर, इथं मुकादम मी हाय. मी घरी पुन्हा विषय काढला, जेवताना काढला, पाणी देताना काढला. ते म्हणायचे बघतो. बघतो बघतो करत पिंप काय आलं नाय.

पुढं एका मिलीचं मोठं यंत्र बंद पडलं, सामान आजच्या आज पायजे. दुपारची वेळ, कढई उकळत होती आणि तिच्यातला जोर संपला होता, मळ सुटत नव्हता. अशा वेळी आच काढायची, कढई निवू द्यायची, मंग खडे टाकायचे. येसू आच ओढायला वाकली तर हे आले आणि म्हणाले, आच काढू नको, वेळ नाय, तशीच टाक. येसू म्हणाली, भावजी, उतू येईल. हे म्हणाले, थोडं थोडं टाक, काय होत नाय. मी अंगणात घासलेटचं फडकं मारत होते, दार उघडं, मी हे कानांनी ऐकलंय मास्तर, दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाय. मी उठले, हाक मारायला तोंड उघडलं, आणि कढईनं उसळी घेतली. दूध उतू जातं तसं नाय, कुणी खालनं लाथ मारावी तशी. येसूच्या तोंडावर.

पोर ओरडली पण नाय आधी. हात वर धरून उभी राहिली, जसं काय विचारतेय की हे काय झालं. मंग ओरडली. एक बाई म्हणते लिंबू पिळा, एक खोबरेल घेऊन धावली, मी त्यांना ढकललं, पाणी पाणी म्हणून मी नुसती बोंबलतेय, तांब्याभर प्यायचं पाणी होतं ते ओतलं, त्यानं काय होतंय. नळाला कुलूप. हे किल्लीसाठी हपीसात पळाले. मी येसूला धरून फाटकाबाहेर नेली, तिथं गाडीच्या घोड्यांना पाणी पाजायची दगडी डोण होती, त्यात तिचं तोंड घातलं, काढलं, घातलं, बोटांनी पापण्या उघडून पाणी मारलं, गाडीवाला शिव्या देत होता, मंग त्यानं बघितलं आणि तोच बादल्या ओतायला लागला. देव त्याचं भलं करो, नाव पण विचारलं नाय मी.

इस्पितळातला डॉक्टर म्हणाला, लगेच पाणी मारलं म्हणून एका डोळ्याला उजेड-अंधार तरी कळंल. दुसरा गेला.

साच्यावाल्यानं निरोप पाठवला की मला घरी चार पोरं हायत, आंधळी कशी करू. त्याला मी बोल लावत नाय. येसूनं पण लावला नाय.

बोल लागला तो येसूलाच. शेटनं सगळ्यांना अंगणात बोलावलं, विचारलं हे कसं झालं. आणि माझे घरधनी पुढं झाले, हात जोडले, आणि म्हणाले, पोरीची चूक, मी आच काढ म्हणून सांगितलं होतं, तिनं ऐकलं नाय, अल्लड हाय. असं म्हणाले. शेट मान हलवायला लागला. बायका खाली बघत होत्या, त्यांना घरी पोरंबाळं. मी म्हटलं, खोटं बोलतायत हे.  मी पुन्हा म्हटलं, शेट, ह्यांनीच सांगितलं आच काढू नको, आणि पिंप पण ह्यांनीच हलवलं, तुमच्या पेट्यांसाठी. शेटनं माझ्याकडं बघितलं, मंग ह्यांच्याकडं, आणि म्हणाला, मुकादम, तुमच्या घरचं भांडण इथं आणू नका. बास. एवढाच न्याय.

घरी आल्यावर त्यांनी हात उचलला नाय, उलट बसून समजावलं. म्हणाले, भागे, मी खरं बोललो असतो तर काम गेलं असतं, मंग येसूला कोण पोसणार होतं, मी तिला जन्मभर सांभाळीन. आणि मास्तर, सांभाळली असती त्यांनी. ते मला ठाऊक हाय. पण जो माणूस आंधळ्या पोरीला तिच्या माघारी खोटी पाडतो, त्याच्या हातचा घास तिच्या तोंडात मी घालायचा? येसू म्हणाली, आक्का, माझ्यासाठी घर मोडू नको, मी म्हणते की चूक माझी. ते ऐकलं आणि मी गाठोडं बांधलं. तेव्हापासनं मी त्यांना घरधनी म्हणत नाय. मुकादम म्हणते.

करी रोडला एका चाळीत जिन्याखालची खोली मिळाली. आवशीला गावी कळलं, तिनं कुणाकडनं तरी निरोप धाडला, येसूचं तिच्या नशिबानं झालं, तू आपलं हातानं केलंस. चाळीतल्या बायका मला नवऱ्यानं टाकलेली म्हणतात, मी त्याला टाकला हे कुणाच्या तोंडी बसतच नाय. कारखान्यात नंतर पिंप परत आलं, एकाला दोन आली, आणि लोक म्हणायला लागले मुकादम किती जपतो कामगारांना. ऐकून मी हसले. रडायला तर कधीचं विसरले.

मी मंग गिरगावातल्या वाड्यांत पितळेची भांडी, देवाच्या समया घासायला लागले, तुमच्याकडं पण तशीच आले. येसू घरात वाती वळते, निवडण-टिपण करते, तिची बोटं डोळ्यांहून चलाख झालीत.

गाठीचा ताप आला, पलेग, माणसं मुंबई सोडून पळाली, आमी कुठं पळणार, वाचलो. आणि तो ओसरल्यावर कळलं, मुकादमानं दुसरी केली. राधी, आमच्याच तालुक्यातली, कोवळी पोर. आणि तिला लावली कुठं, तर धुलाईच्या शेडीत.

एक दिवस ती दारात उभी. मी ओळखलं नाय. म्हणाली, आक्का, मी त्यांची. मंग म्हणाली, मला कुणी काय सांगत नाय, जुन्या बाया सोडून गेल्या, मला त्या कढईची भीती वाटते. चाळीतल्या बाया जिन्यावर येऊन उभ्या राहिल्या, सवती-सवतींचं काय होतं ते बघायला. काय सांगू, माझ्या पण जिभेवर आलं होतं, जा, त्यालाच विचार. पण येसू आतनं म्हणाली, तिला आत घे आक्का, उन्हात उभी हाय.

मी तिला बसवली, पेज दिली, आणि सगळं सांगितलं, खडा पाण्यात, पाणी गार, झारा लांब, जस्त लांब, आणि पिंप रिकामं असंल तर कढईला हात लावू नको, मुकादमानं सांगितलं तरी, शेटनं सांगितलं तरी, काम गेलं तर इकडं ये, खोलीत तिघींची जागा होईल. ती मान हलवत होती, मान हलवताना रडत होती.

आता ती सणावाराला येते, मुकादमाला चोरून. आली की येसू तिचे हात मागते. मनगटापासनं कोपरापर्यंत बोटं फिरवते, मंग गालावरनं, मंग पापण्यांवरनं, आणि सगळं नीट लागलं की म्हणते, बरं हाय, आता जेव.

एवढंच हाय मास्तर. कुणाला शाप द्यायचं बळ उरलं नाय, आणि देव मुकादमाचं बरंच करतोय, करू दे. तुमी लिवताय, दिवा जरा जवळ घेऊन लिवत जा. डोळे जपा.