तेरा नंबर मरत नाही

...आणि तो तेरा नंबर मरतच नाही, तुम्हाला सांगतो. बारा मेला, चौदा मेला, पंधरा तर यंत्राला लावायच्या आधीच फुगला, पण तेरा? ढिम्म. घाबरू नका, माणसांबद्दल नाही, बॅटरीच्या सेलबद्दल बोलतोय. मी प्रयोगशाळेत काम करतो. मिठातलं सोडियम वापरून सेल बनवायचा, चार्ज करायचा, रिकामा करायचा, पुन्हा चार्ज, पुन्हा रिकामा, आणि तो कितव्या फेरीला मान टाकतो ते लिहून ठेवायचं. हजार फेऱ्या टिकला की जिंकलो. मग लिथियम नको, त्याच्या खाणी नकोत, डोंगर पोखरणं नको. अहो, याच्यासाठी तर मी शिकलो. तेराने नऊशे पार केले म्हटल्यावर मी नाचायला पाहिजे की नको? पाहिजे. पण माझ्या आत्याची सगळी पुंजी लिथियमच्या खाणीच्या शेअरमध्ये आहे. आणि मला तोंड उघडायची सोय नाही.

ती पुंजी तिथे घालायला लावली कोणी? मीच. तेव्हा मी कॉलेजातून नुकता बाहेर पडलेलो, जगाचं वाटोळं थांबवायची घाई फक्त मलाच. आत्याने तीस वर्षं कारखान्यात गणवेश शिवले, मला वाढवलं, आणि निवृत्त झाल्यावर एकच मागणं... कोपऱ्यावर स्वतःचा छोटा गाळा, आत दोन मशिनी. शटरचा रंगसुद्धा ठरलेला. मी म्हटलं, "आत्या, पैसे नुसते बँकेत ठेवून पृथ्वी वाचते का? पेट्रोल संपणार, सगळं बॅटरीवर चालणार, बॅटरीत लिथियम. दोन वर्षं थांब, एकाऐवजी दोन गाळे घेशील." फळा नव्हता म्हणून तिच्या कापायच्या टेबलावर खडूने आकृती काढली. आणि तिने ते सगळं लिहून घेतलं हो. मापांच्या वहीत. बाही साडेनऊ, छाती चौतीस, खाली ओळ : "भाव पडला तरी घाबरून विकू नये."

मग ही नोकरी लागली. पहिल्याच दिवशी कागद पुढे आला. इथलं काम बाहेर बोलणार नाही, इथलं कळलंय म्हणून कोणाला शेअर घे किंवा वीक सांगणार नाही, घरच्यांनाही नाही. मी सही कशी केली माहितीये? छाती काढून. वर आमच्या टक्केसाहेबांना म्हणालो, "सर, असे कायदे आणखी कडक हवेत." साहेबांना टक्केसाहेब म्हणतो आम्ही, कारण त्यांना टक्के लावल्याशिवाय बोलता येत नाही. म्हणाले, "मला तुझा प्रामाणिकपणा शंभर टक्के आवडला." झालं. दार लावून किल्ली मीच त्यांच्या हातात दिली.

तेव्हापासून रोज काय चाललंय ऐका. सकाळी आत्या कपात चमचा फिरवत म्हणते, "काय रे, कसं चाललंय तुझं काम?" बरं चाललंय म्हणावं तर तिचा गाळा जातो, वाईट चाललंय म्हणावं तर माझी नोकरी जाणार म्हणून तिला रात्रभर झोप नाही. मी म्हणतो, "चाललंय." एकदा धीर करून म्हटलं, "आत्या, तो गाळा बघून येऊ या का? घेऊनच टाक ना आता." यात शेअरचा शब्द नाही, सहीला धक्का नाही. तिने शांतपणे मापांची वही उघडली. "तूच सांगितलंयस. दोन वर्षं थांब. अजून पाच महिने आहेत." मी म्हटलं, "अगं, मी तेव्हा लहान होतो." म्हणाली, "तेवीसचा होतास, मिशी होती." मला माझ्याच वाक्याने पट्टीने मारावं तसं मारलं हो, आणि मला तोंड उघडायची सोय नाही.

तिकडे तेरा नंबर, नऊशे साठ. नऊशे सत्तर. मी त्याच्यासमोर उभा राहून मनात म्हणायचो, मर ना रे बाबा, पाच महिन्यांनी पुन्हा जन्म घे. एका दुपारी खोलीत कोणी नव्हतं. त्याची वायर जरा सैल केली असती तर आकडा घसरला असता, संपलं असतं. हात गेला माझा. खोटं नाही सांगत, बोटं वायरवर होती. आणि काय केलं मी? वायर नीट घट्ट बसवली. सैलच होती जराशी. आता बोला.

हजार झाले. टक्केसाहेबांनी जाहीर केलं, बातमी सगळीकडे गेली, आणि संध्याकाळपर्यंत आत्याच्या खाणीचा भाव अर्ध्यावर. घरी गेलो तर ती इस्त्री करत होती. टीव्हीवर आमच्याच इमारतीचं फाटक.

"हे मीठवाले म्हणजे तुम्हीच ना?"

"हो."

"तुला कधीपासून ठाऊक?"

"चार महिने."

तिने कॉलर उलटी केली, त्यावरून इस्त्री फिरवली. मला वाटलं, आता माझ्यावरूनही फिरते. तर म्हणाली, "म्हणून तू गाळा गाळा करत होतास होय. मला वाटलं, तुला घरात माझी अडचण व्हायला लागली." तुम्हाला सांगतो, चार शिव्या दिल्या असत्या तर मी जेवलो तरी असतो.

दोन दिवसांनी ऑफिसात तिचा फोन. आवाज एकदम हलका. "खाणीतलं सगळं विकलं बघ. उरलं ते तुमच्या मिठाच्या कंपनीत घातलं. गाळा काय, दोन वर्षांनी घेऊ. आता मला कोणाला काही विचारायलाच नको, घरचंच काम आहे."

फोन ठेवला तेव्हा मी चहाच्या टेबलापाशी होतो. पलीकडच्या खोलीतली नवी बाई समोरच बसलेली. मिठापेक्षाही स्वस्त काहीतरी शोधतात त्या, काय ते आम्हालाही सांगत नाहीत. मी आनंदाने सगळं सांगितलं, आत्या, गाळा, पुंजी आता आपल्याकडेच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कपात पाहिलं.

मी विचारलं, "तुमचं कसं चाललंय काम?"

म्हणाल्या, "चाललंय."

आणि अर्धा चहा तसाच टाकून गेल्या.