टाकीजवळचे सहा डबे

सावंतकाका, सुमनताई, आणि बिल्डिंगमधली सगळी मंडळी... खुर्च्या कमी पडल्या, तरी कोणी घरी गेलं नाही. सावंतकाकूंच्या शोकसभेसाठी उभे राहिलात. मी दुसऱ्या मजल्यावरचा दिलीप. मला चारचौघांत बोलता येत नाही. मध्येच अडखळलो तर सांभाळून घ्या. पण मला खाली बसवू नका.

काकूंनी आपल्याला काय दिलं? संपात काकांची गिरणी गेली, तेव्हा काकू गच्चीवर गेल्या. वनस्पती तुपाचे रिकामे डबे, नारळाच्या शेंड्या, चहाचा चोथा. एवढ्यावर त्यांनी मेथी काढली, पालक काढला. मी म्हटलं, "काकू, मलाही शिकवा ना, पण कुंड्या घ्यायला पैसे नाहीत." तर म्हणाल्या, "कुंडी कित्याक होयी रे मेल्या? तळाक चार भोकां पाड, झाली कुंडी!" धणे वाटीखाली रगडायचे, दोन फाकी झाल्या की पेरायचे. बाजारच्या पुदिन्याची पानं चटणीला, काड्या मातीत. पाणी घालण्याआधी बोट खुपसून बघायचं, ओलं लागलं तर तांब्या परत न्यायचा. हे मला काकूंनी शिकवलं. तुम्हालाही काकूंनीच शिकवलं.

आणि मी काकूंना काय दिलं?

सहा डबे. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीजवळचे, उंच, हिरवे. अंधेरीला मी ज्या मुलामा देण्याच्या कारखान्यात आहे, तिथले. आतली पावडर संपली की ते फेकून देतात. काकूंना डबे कमी पडत होते, म्हणून मी मोठ्या हौसेने आणले. डब्यांवर लेबल होतं. लेबलावर कवटी होती. मी ती ब्लेडने खरवडून काढली. काकू घाबरतील म्हणून.

काकूंनी विचारलं होतं, "धुतलंस मां नीट?" मी म्हटलं, "तीनदा धुतले, काकू." एकदाच धुतले होते. पाणी गेलं होतं, आणि मला कंटाळा आला होता.

काका, असं बघू नका माझ्याकडे. नाही, बघा. बघाच.

पुढच्याच महिन्यात काकूंनी मला वर बोलावलं. "ह्या डब्यांतली मेथी पिवळी कित्याक पडता रे?" मी म्हटलं, पाणी जास्त होत असेल. त्यांनी मातीत बोट घातलं. "माती तर सुकी हा." मग मी म्हटलं, ऊन लागत असेल. मला तेव्हाच डब्यांचा संशय आला होता. तरी ते डबे मी तिथेच राहू दिले. काय म्हणणार होतो? खोटं बोललो म्हणून?

काकूंना काही टाकवत नसे, हे तुम्हाला ठाऊक आहे. चांगली हिरवी जुडी आपल्या दारात, आणि पिवळी पानं निवडून स्वतःच्या ताटात. "मी खातंय ती, टाकूक कित्याक?" रोज खाल्ली त्यांनी. मग पोट दुखायला लागलं, उलट्या व्हायला लागल्या. त्या म्हणाल्या, पित्त आहे. आपण सगळेच म्हणालो, पित्त आहे.

आज दुपारी मी कारखान्यातून एक लेबल खिशात घालून आणलं आणि कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, बाई कशाने गेल्या ते आता मी सांगू शकत नाही. पण त्या डब्यांतलं पानही कोणी तोंडात घालू नका, आणि ज्यांनी खाल्लं असेल त्यांना आत्ताच्या आत्ता माझ्याकडे पाठवा. ते दवाखाना उघडा ठेवून बसलेत.

मी धावत आलो. आणि दारातच रंजनाने, माझ्या बायकोने सांगितलं की काकूंची शेवटची भाजी म्हणून तिने आज सकाळी टाकीजवळचा सगळा पालक कापला आणि घराघरांत वाटला. तिला काही माहीत नव्हतं. तिला बोल लावू नका. मी तिलाही सांगितलं नव्हतं.

मला भीती वाटते हो. तुम्ही मला मारलंत तरी चालेल, त्याची नाही वाटत. या अंगणात कोणाच्या पोटात काय गेलंय, त्याची वाटते.

तुपाच्या डब्यांना हात लावू नका, ते चांगले आहेत. काकूंचे आहेत. माझे सहा मी उतरवतो. ज्यांच्या घरी पालक अजून तसाच असेल, त्यांनी तो कागदात बांधून माझ्या दारात ठेवा. गाईला घालू नका.

काकू, तुमच्यासाठी आत्ता दोन मिनिटंही देता येत नाहीत. आपण उभे राहू, एकच श्वास घेऊ, आणि तसेच दवाखान्याकडे निघू. ज्यांनी आज तो पालक खाल्ला, त्यांनी हात वर करून उभं राहा. लाजू नका. मला मोजू द्या.

चार... सात... काका, तुम्हीसुद्धा?

रंजना, आपल्या स्वातीचा हात तू धरून ठेवलायस. सोड. वर करू दे तिला.