बाबांच्या क्रॉसबोची दुर्बीण

हॅलो?… हो बाबा, मीच, कायसा. माझा फोन दुसरं कोण उचलणार?… दुकानातच आहे… नाही, अजून नाही बसवली. तुम्ही दर मिनिटाला फोन केलात तर काउंटरमागचा वेंडेल दुर्बीण बसवणार कधी?

हो, क्रॉसबो समोरच आहे. काउंटरवर आडवी… अहो, कुणी हात लावत नाहीये! उद्या हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू, अख्ख्या मिशिगनला आजच बाण हवेत. मागे ही रांग… नाही, बाहेर जाऊन नाही बोलता येत. नंबर जाईल.

आवाज असा का येतोय तुमचा?… सौनात? फोन घेऊन वाफेत बसलात?… बसा. पण फोनला ओला हात लावू नका.

ऐका ना. दुर्बिणी दोन आहेत. एक लाल ठिपक्याची. काचेत ठिपका दिसतो, तो हरणावर ठेवायचा, झालं. दुसरी मोठी. आत रेघा आहेत… वरची वीस यार्डांची, तिच्याखाली तीस, मग चाळीस… हो, लांबचं जवळ दिसतं.

मला विचाराल तर ठिपका… का म्हणजे? तुम्हाला रेघा सरळ दिसतात? परवा दाराची चौकट वाकडी झाली म्हणून दादाला बोलावलंत. त्याने लेव्हल लावून दाखवली, सरळ होती… बरं, लेव्हल बिघडली असेल.

आणि डोळ्यांपायी गाडीचा परवाना गेला तो?… हो, हो. हरीण हॉर्न देत समोरून येत नाही. ऐकलंय.

तोइवोदादा काय, मोठीच घे म्हणणार. तो तुम्हाला कधी नाही म्हणालाय? नाही म्हणायचं काम माझ्याकडे दिलंय तुम्ही दोघांनी.

पण मोठीच का?… ओळखायला? काय ओळखायला?… कोण आहे ते बघायला? बाबा, बघायची दुर्बीण गळ्यात असते. ही बाणावर बसते. जिकडे ही वळली, तिकडे बाण वळला, हे मला कुणी शिकवलं?

हं?… मला? मला कधी बघितलंत?

… गेल्या वर्षी. देवदाराला टेकून… हो. होते रडत. घटस्फोटाचं चाललं होतं तेव्हा. तुमच्या मचाणाकडे कॉफी घेऊन येत होते, वाटेत… तुम्हाला दिसलं ते? एवढ्या लांबून?

… तपकिरी कोट, बरोबर… हो, पांढरा रुमाल. आता त्यावरून नका रागावू. रडताना माणूस रंग बघून रुमाल काढतो का?

थांबा.

हरणाची शेपटी वाटली?

पुन्हा सांगा. नीट सांगा. पांढरं हललं, शेपटी वाटली… मग?… हसू नका, बाबा. मग थांबलात कशामुळे?

… मी नाक शिंकरलं म्हणून.

हो. हरीण नाक शिंकरत नाही. हो, ऐकलं मी.

दोर ताणलेला होता?… बाण?… आणि बोट? बोट कुठे होतं, चापावर?… आठवत नाही असं नका म्हणू. माझा कोट आठवतो, रुमाल आठवतो.

काही नाही, वेंडेल. बरी आहे. स्टूल नको… मागच्यांना घ्या ना पुढे.

हां बाबा, आहे. कळलं. म्हणून मोठी हवी. पुढच्या वेळी नीट दिसावं म्हणून… पुढच्या वेळी?

क्रॉसबो घरी येणार नाही… माझ्याकडे राहील… ओरडा. सगळी रांग ऐकतेय, ओरडा… पाठवा की तोइवोदादाला न्यायला. आधी त्याला रुमालाचं सांगा, मग पाठवा.

…

हॅलो? आहात ना?… हिवाळाभर खाणार काय म्हणता?

… मांस मी आणेन… मीच, दुसरं कोण?… तुमच्याच मचाणावर, हो. मला नाही बसायचं तिथे, बाबा. कधीच बसायचं नव्हतं. पाय गोठतात, आणि हरीण जवळ आलं की मी तोंड फिरवते. पण तुमचा फ्रीझर रिकामा आहे आणि तुम्हाला विकतचं मांस चालत नाही… तुम्ही गाडीत बसा. हीटर लावून. कॉफी तुमच्याकडे.

… नाही, ठिपका नको. मोठीच बसवायला सांगते. मला रेघा सरळ दिसतात.

एक मिनिट हं. वेंडेल काहीतरी विचारतोय… मागची काच फिरवून माणसाच्या डोळ्याला जुळवावी लागते म्हणे. कुणाच्या डोळ्याला जुळवू, विचारतोय.

… बाबा?… तुम्हीच सांगा त्याला. क्रॉसबो तुमची आहे… स्पीकरवर ठेवते. सांगा ना. एवढं तरी माझ्या तोंडून नका वदवू…

हॅलो?… बाबा?

ठेवला.

… माझ्या, वेंडेल.