गेमचे बूट

निलंग्याहून लातूरला जाणाऱ्या बसमध्ये मागच्या सीटवर दोन शेतकरी बोलत होते.

"व्यंकटराव, पोरगी काय करायलीय लातूरला?"

"गेमचे बूट. चष्म्यात वावर दिसतं, अन् बुटातून पायाला ढेकळं लागतात."

"असले बूट मोठ्या कंपनीनं बनवून सोडून दिले म्हणं. तवा चालले न्हाईत, आता काय चालतील?"

"माझ्या शिल्पानं नव्यानं केलेत. गेल्या खेपेला मलाच घातले."

"मग?"

"वावर तुडवत गेलो. म्होरं खळं आलं, तसे बूट काढून ठेवले."

"अन् गेम?"

"बंद पडला. पर खळ्यात पायताण घालून कसं जावं?"

"म्हंजे पोरीची मेहनत वाया!"

"वाया कशानं? ती तर टाळ्या पिटायला लागली. म्हणली, आण्णा, जमलं!"